आधी चासी, मग इंजिन

गाडी जुनी झाली की घराघरांत एकच हिशेब मांडला जातो. बाजारात गाडीचे किती येतील, मेस्त्रीने बिल किती सांगितलंय, आणि बिल त्या किमतीच्या निम्म्यावर गेलं की गाडी काढून टाकायची. माझ्या भावानेही हाच हिशेब मांडला. तो लोकांचे जमाखर्च लिहितो, त्याचं डोकं स्वच्छ चालतं, आणि पैशाच्या बाबतीत मी त्याचं ऐकते. पण आमच्या पिकअपपुरता हा हिशेब मला पहिल्यापासून खटकत होता. दिवाळीनंतर गाडी गॅरेजला लावली, तेव्हा तो का खटकतो ते नीट बघायला सवड मिळाली.

आमचं काम बागांचं. सोसायट्या, बंगले, गच्च्या; बाग करून द्यायची आणि पुढे सांभाळायची. झाडं बहुतेक सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून येतात. त्याबरोबर लाल माती, शेणखत, कोकोपीट, कुंड्या, लॉनच्या गुंडाळ्या, कधी विटा आणि फरशा. हे सगळं वाहणारी पिकअप २०१२ ची आहे. पूर्वी ती साताऱ्याकडे दुधाचे कॅन वाहायची. तिथून आम्ही घेतली, म्हणून पाटीवर अजून एमएच-११ आहे. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, साधा यांत्रिक पंप.

यंदाच्या पावसाळ्यात ती थकल्याचं जाणवायला लागलं. खेड शिवापूरच्या बाजूला एका फार्महाउसचं काम चालू होतं. माती भरून कात्रजचा घाट चढताना जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागू लागला. सकाळी सुरू केली की निळसर धूर, आणि ऑइल सारखं वरून टाकावं लागायचं. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर तिथून भकाभका वाफा निघत होत्या. "ताई, बॅक कम्प्रेशन आहे, जळालेला वायू पिस्टनवरून खाली येतोय. रिंगा गेल्या. बोअर मारावा लागेल. हेड उतरवायचंच आहे तर वॉल्व्हचंही करून घ्या." त्यात नोझल, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रेडिएटर. वर हौद्याचा, म्हणजे मागे माल भरतो त्या भागाचा, पत्रा खालून सडलेला. सगळं धरून आकडा दीड लाखाच्या आसपास गेला. गाडीचे बाजारात दोन, फार तर सव्वादोन लाख येतील. भावाच्या लेखी विषय तिथेच संपला.

मला खटकत होतं ते असं. बाजारभाव म्हणजे दुसरा माणूस ही गाडी घ्यायला मला काय देईल तो आकडा. मी गाडी विकत नसेन तर तो आकडा माझ्या कामाचा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: पुढची दोन-तीन वर्षं माती आणि झाडं कशातून जाणार, आणि त्या प्रत्येक वाटेला महिन्याला किती पैसे पडणार? दीड लाखाची तुलना या खर्चाशी करायला हवी.

नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे किमती खाली आल्या हे खरं. तरी आठ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण १७ हजार बसतो आणि पाच वर्षांत सव्वादोन लाखांजवळ नुसतं व्याज जातं. म्हणजे दीड लाखाचं काम आणि नव्या गाडीचे नऊ हप्ते बरोबरीचे. थर्ड पार्टी विमा दोन्हीकडे सारखाच, कारण मालवाहू गाडीचा तो हप्ता वजनावर ठरतो, वयावर नाही. नव्या गाडीला पूर्ण विमा मात्र बँक घ्यायलाच लावते. उलट जुनीच्या खात्यात पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दर वर्षी (आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी असतं), शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण कर. हे सगळं मी वहीत लिहिलं. दुरुस्त केलेली गाडी दोन वर्षं नीट चालली तरी पैशाचं पारडं दुरुस्तीकडे झुकतं, हे भावालाही मान्य करावं लागलं.

पण त्याने लगेच नेमका प्रश्न विचारला: "आणि दोन वर्षं नाही चालली तर?"

याचं उत्तर वहीत सापडण्यासारखं नव्हतं. ते गाडीखाली होतं.

इंजिन बिघडलं की ते सांगतं. धूर काढतं, आवाज करतं, चढाला थांबतं. त्यामुळे माणूस पहिले पैसे इंजिनवर घालतो. चासी, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते तो खालचा पोलादी सांगाडा, काही सांगत नाही. ती आतून कुजत जाते, आणि कळतं तेव्हा एखाद्या खड्ड्यात पाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) ब्रॅकेट तुटून एक्सल तिरका झालेला असतो. इंजिन पुन्हा बांधता येतं. त्याचा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो, घासून, भरून, बदलून नवा करता येतो. चासीला वेल्डिंगचा टाका मारता येतो, पण टाक्याच्या शेजारचं पोलाद तापून आपला मूळचा कस गमावतं आणि पुढची चीर बहुतेक तिथूनच निघते. म्हणून दीड लाखाला हो म्हणण्याआधी मी मेस्त्रींना सांगितलं, इंजिनला हात लावू नका, आधी हौदा उचला.

हौदा उचलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आणि चार माणसं. सहसा कुणी त्या फंदात पडत नाही. पण आमच्यासारख्या मालाच्या गाडीत खरं दुखणं तिथेच दडलेलं असतं. दगड-विटा वाहणाऱ्या गाडीचा हौदा पोचे पडून खराब होतो, आमचा ओलाव्याने. कुंड्यांतलं पाणी झिरपत राहतं. शेणखत कायम ओलसर, त्यातले क्षार आणि अमोनिया लोखंडाला लागतात. युरियाचं पोतं फाटलं तर तो हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकोपीटमध्येही मीठ असतं, नीट धुतलेलं नसेल तर बरंच. हे पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली उतरतं आणि हौदा जिथे चासीवर बसतो तिथे साचतं. तिथे बऱ्याच गाड्यांना लाकडी पट्टी घातलेली असते, दणके शोषायला. ती पट्टी पाणी धरून ठेवते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असतो.

मेस्त्री हातोडी घेऊन खाली झोपले. दोन्ही बाजूंनी चासी वीतभर अंतराने ठोकत गेले, मी बाजूला बसून ऐकत होते. धड पोलाद खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण भरल्या गाडीचा सगळा भार तिथून रस्त्यावर उतरतो. लाकडी पट्टीखाली गंज होता, पण वरवरचा. खरवडल्यावर चकचकीत धातू लागला. हौद्याच्या दोन आडव्या पट्ट्या मात्र हाताने तुटल्या. त्या हौद्याच्या, बदलता येणाऱ्या. दुधाच्या काळात कुणीतरी कॅनचा स्टँड बसवायला चासीच्या कडेला भोकं पाडली होती. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडायचं नसतं, वाकण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो. त्या भोकांभोवती चिरा आहेत का ते मेस्त्रींनी रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासून पाहिलं. चीर असती तर आत शिरलेलं रॉकेल पुन्हा बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उठली असती. उठली नाही. तेव्हा कुठे मी इंजिन उतरवायला सांगितलं.

चासीत चीर निघाली असती तर मी गाडी ठेवली नसती, इंजिन कितीही चांगलं असतं तरी. अशी गाडी दुसऱ्याला विकायलाही माझं मन झालं नसतं. ती थेट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची, तिथून मिळणारं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. २०२१ च्या धोरणातली ही सोय त्यासाठीच आहे. (पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार उचलून नेतं, असं अनेक जण सांगतात. ते दिल्ली परिसरातल्या नियमांवरून पसरलंय. आपल्याकडे फिटनेस मिळाला तर गाडी चालते, फक्त वय वाढेल तशी पासिंगची फी वाढत जाते.)

चासीखालोखाल ब्रेक. पुण्यात राहून मालाची गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती माणसं गेली ते सगळ्या शहराला माहीत आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची, मग सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. तो उतार आमच्या रोजच्या वाटेवर आहे. म्हणून ब्रेकचं काम दुरुस्तीच्या यादीत घासाघीस करायचं कलम म्हणून मी धरलंच नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मागचे लायनर, सगळे होज पाइप, नवं ऑइल. मागच्या एक्सलपाशी भाराप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा गंजून अडकलेला सापडला. अशा गाडीला रिकामी असताना मागची चाकं लॉक होतात किंवा भरलेली असताना मागचे ब्रेक अर्धेच लागतात. तो बदलला. कमी भावात बसवतो म्हणणारे होते. मी ब्रेकचं सामान नव्या बिलावर, सीलबंद खोक्यातलंच घेतलं, आणि जुन्या गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून हेच सांगेन.

आता धूर. सगळ्यात अवघड मला हेच गेलं, आणि मी ते अजून पूर्ण सोडवलेलं नाही.

२०१० साली देशातल्या १३ शहरांत नव्या गाड्यांच्या धुराचं बीएस-४ मानक लागू झालं. (बीएसचा आकडा जितका मोठा, तितकं मानक कडक.) त्यांत पुणे होतं, सोलापूरही होतं. बाकी बहुतेक देशात बीएस-३ च होतं; देशभर बीएस-४ आलं ते १ एप्रिल २०१७ ला. आमची गाडी साताऱ्याची, म्हणजे बीएस-३. प्रवासी डिझेल गाड्यांचं मानक बघितलं तर बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम कणांना परवानगी होती, बीएस-६ मध्ये ०.००४५. दहापटीहून जास्त फरक. पिकअपचे आकडे वजनाप्रमाणे वेगळे असतात, पण उतरंड तशीच. मी लोकांच्या दारात झाडं लावते. एखाद्या सोसायटीत कडुनिंबाची रोपं उतरवताना गाडीने गेटवरच्या वॉचमनच्या तोंडावर काळा धूर सोडावा, हे मला सहन होत नाही.

भाऊ म्हणाला, "मग हेच कारण पुरेसं नाही का नवी घ्यायला?" त्याचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही. पण धुराचा मोठा भाग खराब इंजिनचा असतो. रिंगा झिजल्या की ऑइल जळतं, नोझल नीट फवारत नसेल तर डिझेल अर्धवट जळून काजळी होते. पीयूसीची मर्यादा अशा जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप) आहे. ती सैल आहे. मी मेस्त्रींना सांगितलंय की तेवढ्यावर मला समाधान नाही, बीएस-४ गाड्यांची ५० ची मर्यादा धरून त्याच्याही आत आणा. डिझेलही आता दहा पीपीएम गंधकाचंच मिळतं, बीएस-३ च्या काळात ते ३५० पर्यंत असायचं. इंजिन नवं झालं, नोझल बदलले, फिल्टर वेळेवर बदलला, तर ही गाडी पूर्वीपेक्षा नक्की स्वच्छ चालेल. नव्या गाडीइतकी कधीच नाही. हे ओझं मी डोक्यावर घेऊनच निर्णय घेतला आहे.

नव्या डिझेल गाडीचं आमच्या कामाशी जमेल का, हाही प्रश्न होताच. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळायला तो सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी बराच वेळ एका वेगाने पळायला हवी. आमची निम्मी धाव कोथरूड ते बाणेर, तिथून औंध, मध्ये तासभर उभी, पुन्हा दोन किलोमीटर, अशी. त्यात फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गाडी स्कॅनरला न्यावी लागते. शहरातल्या अशा धावेला डिझेलच चुकीचं आहे, असं माझं मत होत चाललंय. तिला छोटी विजेची गाडी हवी. अशा गाड्या आता मिळतात, एक टन वाहणाऱ्याही. फक्त उरुळीहून ओली माती भरून खेड शिवापूरपर्यंत जायचं काम त्यांना आज झेपेल याची मला खात्री वाटत नाही.

दुरुस्तीकडे मन वळण्याचं आणखी एक कारण हे शहर आहे. इथे खडकीला १९४६ पासून किर्लोस्करांची डिझेल इंजिनं बनली, आकुर्डीला मॅटाडोर बनली, पिंपरीला टाटांची १९८६ ची ४०७ आणि २००५ चा छोटा हत्ती. या गाड्यांवर हात बसवत मेस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या. आमचे मेस्त्री मॅटाडोर खोलणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. ब्लॉक घेऊन आम्ही नाना पेठेत गेलो. लेथवाल्या काकांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली, आणि पुन्हा आडवं असं माप घेतलं. बोअर झिजतो तो गोल झिजत नाही, एका बाजूला जास्त जातो, म्हणून. मोठ्या मापाचे पिस्टन आधी आणायला लावले आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या त्याच्या सिलिंडरला बोअर दिला. शेवटी होनिंग. सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उठतात, त्यांत ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. काकांनी ब्लॉक उजेडाकडे धरून मला त्या रेघा दाखवल्या. हे काम इथे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, इतकं नेटकं होतं याचा मला फार अभिमान वाटला. गिऱ्हाईक नसेल तर हे लेथ टिकणार नाहीत, हेही मनात होतं.

एक माणूस या सगळ्या चर्चेत कुणी धरलाच नव्हता. गाडी मी चालवत नाही, भाऊ चालवत नाही. आमचे मामा चालवतात, पन्नाशीचे, कंबर धरलेली. नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली, पण साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपला तो नियम नाही. मी त्यांना विचारलं, मामा, तुम्हाला काय वाटतं, ठेवायची की बदलायची? आधी म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून आले. म्हणाले, गाडी चांगली आहे, माहितीतली आहे, पण सीट बसलीय, क्लच फार कडक आहे, आणि इंजिनची गरमी पायावर येते, उन्हाळ्यात चप्पल तापते. दीड लाखाच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. आम्ही इंजिनचा, पत्र्याचा, धुराचा विचार केला होता, त्यात आठ तास बसणाऱ्या माणसाचा केला नव्हता. चांगल्या फोमची नवी सीट, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) उष्णता अडवणारं अस्तर, क्लचची नवी केबल, दोन्ही खिडक्यांची काचेची मशीन. हा खर्च वाढला आणि तो मला सगळ्यात आधी करावासा वाटला. मामांनी "माझी कंबर आता या गाडीत बसत नाही" म्हटलं असतं, तर माझा सगळा हिशेब मी फाडून टाकला असता.

तर गाडी ठेवली. पण भावाच्या प्रश्नाचा मान राखून काही गोष्टी मी लिहून ठेवल्यात, म्हणजे पुढच्या वेळी जीव अडकून निर्णय होणार नाही. दर पावसाळ्यानंतर हौद्याच्या बोल्टांना पाना लावून चासी तपासायची, चीर दिसली की त्या दिवशी गाडी बंद. गिअरबॉक्स किंवा क्राउन (मागच्या एक्सलमधला मोठा गिअर) गेला तर पुन्हा मोठा खर्च नाही. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर, २०२७ मध्ये, पासिंगला नेण्याआधी सगळा विचार नव्याने करायचा. हौद्याला आता जस्त चढवलेला पत्रा टाकतोय, लाकडी पट्टीऐवजी रबर, आणि पाणी निघून जायला कोपऱ्यांत चार भोकं. शेणखत पोत्यातच न्यायचं, सुटं नाही, आणि खाली ताडपत्री.

पहिले हजार किलोमीटर निम्मंच वजन भरायचं आहे, रिंगा बसेपर्यंत. तोवर उरुळीच्या मातीच्या खेपा मार्केट यार्डाजवळच्या भाड्याच्या टेम्पोने होतील. भावाने बँकेत वेगळं खातं उघडून दिलंय, पुढच्या गाडीसाठी. ती बहुतेक विजेची आणि छोटी असेल, आणि मातीला भाड्याची गाडी लावू. मी म्हटलं, महिन्याला सात हजार टाकते. तो म्हणाला, हप्ता वाचतोय तुझा १७ हजारांचा, निदान दहा तरी टाक. दहा टाकणार आहे.